विमान दाराशी का उभं राहत नाही?

टर्मिनलचे नकाशे काढण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, हे संपादकांनी मागच्या अंकात छापलं आणि ‘विचारा, ताई उत्तर देतील’ असंही वर लिहून टाकलं. आलेल्या पत्रांपैकी निम्मी तक्रारींची आहेत. बऱ्याचशा रास्तच आहेत. जागेत बसली तेवढी इथे घेतली.

प्रश्न : माझं वय ७१. मुलीकडे जाताना विमानतळात शिरल्यापासून विमानाच्या दारापर्यंत इतकं चालावं लागलं, की गुडघे बोलायला लागले. आमच्याकडे एसटी फलाटाला लागते, दहा पावलं टाकली की माणूस गाडीत. विमान असं दाराशी लावता येत नाही का?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, एसटीवरच हिशेब मांडू. बस साधारण अडीच मीटर रुंद. शेजारून सामान घेऊन माणूस जाईल एवढी फट सोडली, तर चार मीटरांत एक फलाट बसतो. दहा गाड्यांचा स्टँड चाळीस मीटरांत आटोपतो.

आता विमान. देशातल्या देशात आपण बऱ्याचदा ज्यातून जातो, त्या एअरबस ए-३२० चं अंगही चार मीटरच रुंद आहे. पंख मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ ३६ मीटर. शेजारच्या विमानाच्या पंखापासून निदान साडेचार मीटर अंतर सोडायचं, हा आंतरराष्ट्रीय दंडक. म्हणजे तुमच्या दहा एसट्या जिथे मावल्या, तिथे एकच विमान उभं राहतं. दहा विमानं ओळीनं लावायची तर ४०० मीटर झाले. परदेशी जाणारं बोइंग ७७७ असेल तर पंखच ६५ मीटर, वर साडेसात मीटर मोकळे. टर्मिनलची लांबी पंख ठरवतात. माणसांना एवढी लांबी लागतच नाही.

नोकरीला लागले तेव्हा मी आधी छानसा हॉल काढायची आणि मग त्याला विमानं चिकटवायची. आमच्या साहेबांच्या खणात पुठ्ठ्याची विमानं असायची, एकास हजार मापात कापलेली. ए-३२० साडेतीन सेंटिमीटरचं. माझा कागद बाजूला सारून ते म्हणायचे, “आधी ही मांड. जागा उरली तर इमारत काढ.” मला तेव्हा फार राग यायचा.

विमानं एका ओळीत न लावता इमारतीला लांब हात काढायचा आणि हाताच्या दोन्ही अंगांना विमानं लावायची, म्हणजे चाल जवळजवळ निम्म्यावर येते. मुंबईला सहारचं टी-२ आहे ना, २०१४ मध्ये सुरू झालेलं, त्याचा आराखडा वरून फुलीसारखा दिसतो तो यामुळे. मध्ये मोठा हॉल आणि चारी दिशांना हात. या आकाराचा आणखी एक फायदा होता. जुनं टर्मिनल चालू ठेवून त्याच्या अवतीभवतीच टप्प्याटप्प्यानं नवं बांधायचं होतं, कारण मुंबईत दुसरीकडे हलायला जागाच नव्हती. चेक-इन वरच्या मजल्यावर, गेटं त्याच्या खाली, आगमन आणखी खाली, अशी मांडणी करून आडवी चाल थोडी उभी केली आहे. जिने-लिफ्ट त्यासाठीच.

चालणं संपवून टाकायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीला १९७२ मध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराच्या तीन इमारती बांधल्या. गाडी थेट आपल्या गेटसमोर लावायची, दार उघडायचं, थोडीशी पावलं, की समोर विमान. तुमचा एसटी स्टँडच म्हणा. लोक खूश झाले. पण तेव्हा विमानं पळवून नेण्याचं पेव फुटलेलं होतं आणि १९७३ च्या जानेवारीपासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची झडती सक्तीची झाली. आता दरवाजे इतके, की एकच मोठी तपासणी कुठे बसवणार? दोन-चार गेटांमागे एक अशी बरीच तपासणी केंद्रं उभारावी लागली. इमारतीचा पट्टा मुळात अरुंद, त्यात काचेच्या भिंती. एकदा आत गेलात की स्वच्छतागृहासाठीसुद्धा बाहेर यायचं आणि पुन्हा झडती द्यायची, अशी गत. चाल वाचली आणि बाकी सगळं गेलं. तरी ते पन्नास वर्षं रेटलं. २०२३ मध्ये तिथे एकच मोठं टर्मिनल उघडलं, आणि त्यात नेहमीसारखं चालावं लागतं.

वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळानं १९६२ मध्ये दुसरी युक्ती काढली होती. चाकांवरची मोठी खोलीच. तुम्ही टर्मिनलमध्ये त्यात जाऊन बसायचं, ती खोली मैदान ओलांडून विमानाला भिडणार. वास्तुकार एरो सारिनेन यांची ही कल्पना मला आजही आवडते. पण विमानं मोठी होत गेली, गर्दी वाढली, खोल्या पुऱ्या पडेनात. पुढे मैदानातच वेगळ्या इमारती बांधून विमानं त्यांना लावावी लागली. त्या खोल्या नंतर इमारतींमधली ने-आण करत राहिल्या.

सामान घेऊन सलग तीनशेएक मीटरांच्या वर चालायला लावायचं असेल तर सरकता पट्टा द्यावा, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. तो पट्टा तुमच्या चालीपेक्षा हळू सरकतो. उभं राहण्यासाठी तो नाहीच, त्यावरून चालत राहायचं असतं. आपल्याकडे सगळे त्यावर फोटो काढत उभे राहतात, ते असो.

आणि आजोबा, पुढच्या वेळी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा. संकोच करू नका. नकाशा काढताना आम्ही व्हीलचेअरची वाट आणि लिफ्ट मोजूनच ठेवलेली असते.

प्रश्न : दिवाळीच्या आदल्या दिवशी एका विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेत तासाभरावर उभा होतो. इमारत नवी कोरी. बांधतानाच मोठी का बांधत नाहीत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलीच्या लग्नाला आठशे माणसं येतात म्हणून आपण राहतं घर आठशे माणसांचं बांधत नाही. टर्मिनलचंही तसंच. वर्षाचे ८,७६० तास गर्दीप्रमाणे उतरत्या क्रमानं मांडायचे आणि वरून तिसावा तास घ्यायचा, ही ब्रिटनमध्ये पूर्वीपासून चालत आलेली एक रीत. इतरत्र याचेच भाऊबंद वापरतात. म्हणजे वर्षात एकोणतीस तास असे येणार, की इमारत कमी पडेल, हे आम्ही आधीच मान्य केलेलं असतं. तुम्ही त्या एकोणतिसातल्या एका तासात सापडलात.

छोटा हिशेब करून दाखवते. एका तासात तीन ए-३२० सुटणार. प्रत्येकी १८० खुर्च्या, त्यातल्या पंच्याऐंशी टक्के भरल्या, म्हणजे साधारण ४६० माणसं. एक तपासणी यंत्र तासाला दीडशे माणसं काढतं असं धरू. तिनावर जातंय म्हणजे चार यंत्रं हवीत. रांगेत दहा मिनिटं थांबणं चालेल असं ठरवलं, तर कोणत्याही क्षणी सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर जण उभे असणार. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे या रांगेत माणशी एक ते सव्वा चौरस मीटर जागा द्यायची. झाली नव्वदेक चौरस मीटर, म्हणजे हजार चौरस फूट. पुण्यात तेवढ्यात चांगला टू बीएचके होतो. हे फक्त तीन विमानांचं, आणि फक्त एका रांगेचं.

आता गंमत बघा. त्या तासात तीनऐवजी पाच विमानं सुटायची ठरली तर? वेळापत्रक विमान कंपन्या आणि धावपट्टी ठरवतात, नकाशा काढणारा नाही. पुण्याचंच घ्या. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. मुलकी विमानांना जे तास मिळतात त्यांतच सगळं बसवायचं. २०२४ च्या जुलैत तिथे ५२ हजार चौरस मीटरचं नवं टर्मिनल सुरू झालं, पण इमारत वाढली म्हणून धावपट्टी वाढत नाही. लोकांना काचेची इमारत दिसते. मी कुठल्याही विमानतळावर आधी धावपट्टी किती आणि विमानं उभी करायच्या जागा किती, हे विचारते.

शिवाय चार यंत्रं बसवली तरी त्या दिवशी चारही चालू होती का, त्यांवर माणसं होती का, हा प्रश्न उरतोच. बायकांच्या तपासणीचा पडदा एकच असेल तर यंत्र रिकामं आणि रांग तशीच, हे मी स्वतः रांगेत उभी राहून पाहिलं आहे. नकाशात ते दिसत नाही.

प्रश्न : आपल्याकडे टर्मिनलच्या दारातच तिकीट आणि ओळखपत्र का बघतात? सिंगापूर, लंडनला तर कुणीही आत जातं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सुरक्षेचा निर्णय आहे, त्यावर माझं मत विचारू नका. पण त्यानं इमारत कशी बदलते ते सांगते. परदेशातले नकाशे जसेच्या तसे इथे आणले तर पहिल्याच दिवशी फसतात, कारण तिकडे दाराबाहेर कुणी थांबत नाही. आपल्याकडे दारात सीआयएसएफचा जवान आणि बाहेर रांग. त्या रांगेला समांतर पोचवायला आलेली मंडळी. दुबईला नोकरीला निघालेल्या मुलामागे दोन जीप भरून माणसं येतात, आत जाता येत नाही म्हणून काचेला नाक लावून उभी राहतात, तो दिसेनासा झाला तरी हलत नाहीत. या सगळ्यांना सावली हवी, बसायला कट्टा हवा, चहा हवा.

म्हणून आपल्याकडे दारापुढचा छज्जा खोल लागतो. माझी एक फजिती सांगते, विमानतळाचं नाव नको. छज्जा काढताना मी उन्हाचा अभ्यास मन लावून केला होता. मे महिन्यात दुपारी तीन वाजता सावली कुठवर, ओळीनं आकृत्या. दार होतं पश्चिमेला. जुलैत वाऱ्याबरोबर पाऊस आडवा आला आणि छज्जाखालची अख्खी रांग हातातल्या कागदांसकट भिजली. रत्नागिरीत वाढलेल्या बाईनं ही चूक करावी! आमच्या घरी पडवीला झापं बांधल्याशिवाय मृग उजाडत नसे. पुढे तिथे बाजूनं काचेचे पडदे लावले, ते दिसायला वाईट दिसतात आणि ते माझ्यामुळे आहेत.

आता ‘डिजियात्रा’नं चेहरा दाखवून आत जाता येतं. २०२२ च्या डिसेंबरात दिल्ली, बेंगळुरू, वाराणसीला सुरू झालं, पुण्यात २०२३ मध्ये. त्या दारांपाशी रांग पटापट सरकते. छज्जा मात्र तेवढाच लागतो. नातेवाईक कुठे कमी झालेत?

प्रश्न : सिक्युरिटीनंतर दुकानांमधून नागमोडी फिरवत नेतात, ते मुद्दाम का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हो, मुद्दाम. दुकानांचं भाडं हा विमानतळाच्या कमाईचा मोठा भाग. आपल्याकडे २०१६ च्या धोरणानुसार अशा कमाईतला ३० टक्के हिस्सा विमानतळाचे दर ठरवताना वजा धरतात, म्हणजे कुणी तरी घेतलेल्या अत्तराचा थोडा फायदा तुमच्या तिकिटालाही होतो. तरी मला तो रस्ता आवडत नाही. घाईतल्या माणसाला गेटाची पाटी दिसली पाहिजे, आणि दुकानदाराला नेमकी ती पाटी अडवणारी जागा हवी असते. या भांडणात मी चार वेळा हरले आणि एकदा जिंकले.

प्रश्न : जरा विचित्र वाटेल, पण विमानतळावरच्या स्वच्छतागृहांना बाहेरचं दार का नसतं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : अजिबात विचित्र नाही. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात मूल. दार कोणत्या हातानं ढकलणार? शिवाय सगळ्यांचे ओले हात त्याच मुठीला. म्हणून दाराऐवजी भिंतीला वळण देतात, आतलं दिसत नाही आणि बॅग चाकांवरून सरळ आत जाते. वळण काढताना फक्त आरसा कुठे लावलाय ते तपासायचं. एकदा आम्ही ते विसरलो आणि बाहेर खुर्च्यांवर बसलेल्यांना आरशातून सगळंच दिसत होतं. उद्‌घाटनाच्या आदल्या रात्री दोन माणसं शिडी घेऊन आरसा काढत होती आणि मी खाली बॅटरी धरून उभी होते.