घरी गिटार अ‍ॅम्प्लिफायरची पेटी बनवतोय. फ्लेम मेपल या लाटेदार रेषांच्या लाकडाला रंधा मारला की टवके उडतात, काय करावं?

शेवटचा हात रंध्याने मारू नका. स्टीलच्या पातळ स्क्रेपरने खरवडा आणि मग १५० व २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. या लाकडाचे तंतू लाटांसारखे वरखाली जातात, त्यामुळे कुठल्याही बाजूने रंधा चालवला तरी पातं कुठेतरी तंतूंच्या उलट जातंच. जाडी कमी करायला रंधा लागणारच. तेव्हा पात्याला ताजी धार हवी, आणि लाकडाचा छिलका अगदी झिरझिरीत निघेल इतकंच पातं बाहेर काढा. ओल्या फडक्याने लाकूड आधी किंचित पुसलं तरी फरक पडतो. हे सगळं भरीव फळीसाठी. प्लायवुडवर चिकटवलेलं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, तिथे फक्त २२०चा पेपर, तोही हलक्या हाताने. भरीव मेपल पाइनपेक्षा बरंच जड असतं, म्हणून स्पीकरसकट पेटी असेल तर मी व्हिनियरच निवडेन.