टिक्झमध्ये टाइमलाइन काढतोयस? आधी साल वजा कर

अरे भाऊ, नागपूरची टाइमलाइन टिक्झमध्ये (म्हणजे लेटेकमध्ये कोड लिहून चित्र काढायच्या पॅकेजमध्ये) काढतोयस अन् एरर येतोय ना, मग १८१७ हे साल तसंच कोऑर्डिनेटमध्ये टाकू नको. डिफॉल्टला एक म्हणजे एक सेंटिमीटर, आणि टेकची, म्हणजे लेटेकच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रामची, लांबीची लिमिट साधारण ५७५ सेंटिमीटर, म्हणून ते ‘डायमेन्शन टू लार्ज’ म्हणून बोंबलतं, बाकी कोड बरोबरच आहे तुझा. प्रत्येक सालातून १८१७ वजा कर, दहानं भाग, सीताबर्डीची लढाई शून्यावर येते, १९६० चं महाराष्ट्र राज्य १४.३ वर, ए-फोरवर आरामात बसते.

खरी कटकट लेबलांची. १८७७ ची एम्प्रेस मिल एकटीच मोकळी उभी राहते, पण १९५३ चा नागपूर करार, १९५६ ची दीक्षाभूमीवरची धम्मदीक्षा अन् १९६०, तिघं पाऊण सेंटिमीटरात कोंबलेले, बर्डीवरच्या संध्याकाळच्या गर्दीसारखे. टिक्झ आपोआप काही सरकवत नाही. एक वर घे, एक खाली, तिसऱ्याची दांडी लांब कर, आणि नोडला, म्हणजे लेबलाच्या चौकटीला, टेक्स्ट विड्थ दे म्हणजे ओळ मोडते, लय फरक पडतो त्यानं.

मराठीसाठी कोडची पीडीएफ करताना पीडीएफलेटेक सोड, झीलेटेक घे. फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये स्क्रिप्ट देवनागरी सेट कर, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. टाइमलाइनची रेडिमेड पॅकेजं सध्या राहू दे.