दुसरा स्लॅब पडायच्या आत

कोल्हापुरातल्या एका जुन्या कॉलनीतून एका निवृत्त वाचकांचं पत्र आलंय. त्यांच्या घराला लागून चर्च आहे. उपासनेची जुनी इमारत तशीच ठेवून मागच्या मोकळ्या जागेत दोन मजली सभागृह उभं राहतंय. रविवारी गल्लीत गाड्या लागतातच, त्यात आणखी भर पडणार. शिवाय नवी भिंत कुंपणाला फारच चिकटल्यासारखी दिसते. ३२ घरांच्या सह्यांचं निवेदन दिवाळीत माजी नगरसेवकांकडे दिलं, पुढे काही झालं नाही. तेव्हा जोतं होतं, आता पहिला स्लॅब पडलाय. स्टे मिळेल का, असं विचारतात.

चर्चच्या जागी देवळाचा सभामंडप घाला, मशिदीचा वरचा मजला घाला, मंगल कार्यालय घाला. हेच पत्र माझ्याकडे अनेकदा आलेलं आहे. धर्मस्वातंत्र्य आणि राज्यघटनेचं कलम २५-२६ यांवर मी शब्द खर्च करत नाही. तुमचं प्रकरण तिथे अडलेलं नाही. सार्वजनिक जागेवरच्या प्रार्थनास्थळांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेशही बाजूला ठेवा, कारण जागा चर्चच्या मालकीची आहे असं तुम्हीच लिहिलंय.

अडलंय ते महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५१ मध्ये. दिलेला बांधकाम परवाना महापालिका रद्द करू शकते किंवा बदलू शकते, पण त्याच कलमाचं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद, सांगतं की बांधकामाची भरीव प्रगती झाल्यावर तसा आदेश काढता येत नाही, आणि जे आधीच बांधून झालं त्याला तो लागू होत नाही. शिवाय परवाना रद्द झाला तर मालक झालेल्या खर्चाची भरपाई मागू शकतो, म्हणून अधिकारी या कलमाला सहसा हात लावत नाहीत. दिवाळीत फक्त जोतं होतं, तेव्हा हे दार सताड उघडं होतं. आज फट उरलीय. दुसरा स्लॅब पडला की तीही गेली असं समजा. माजी नगरसेवकांच्या टेबलावर पडलेल्या निवेदनाला कायद्यात काडीची किंमत नाही. आवक क्रमांक नाही, पोहोच नाही, म्हणजे अर्ज नाही. ३२ घरांत एकालाही हे सुचू नये?

एक वाट मात्र अजून खुली आहे. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे नसेल, तर प्रश्न कलम ५२-५३ चा, म्हणजे बेकायदा बांधकामावरच्या कारवाईचा होतो आणि तिथे 'काम बरंच झालंय' ही सबब चालत नाही. चर्चला ते नियमित करून मागता येईल, हे खरं. पण सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडलेलंच नसेल तर ते सोपं नाही. म्हणून सगळं त्या भिंतीच्या मोजमापावर आहे. साइटवर परवान्याचा फलक असायला हवा; त्यावरचा क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या. नगररचना विभागात मंजूर नकाशाच्या प्रमाणित प्रतीसाठी आणि जागेवरच्या तपासणीसाठी लेखी अर्ज द्या. माहिती अधिकारात ३० दिवस जातात, तेवढ्यात सेंट्रिंग निघालेलं असेल. तरी तोही अर्ज टाका आणि फाइल पाहायला मागा.

त्या निवेदनातला 'बाहेरची माणसं येतात' हा परिच्छेद काढून टाका. तो वाचल्यावर कोणताही न्यायाधीश तुमच्या भिंतीच्या तक्रारीकडे संशयानेच बघेल. पार्किंग, अंतर आणि लाउडस्पीकर, एवढंच ठेवा. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहेच.

दिवाणी दाव्याचं मी ठाम सांगत नाही. नगररचना अधिनियमाचंच कलम १४९ आडवं येऊ शकतं; त्याखालच्या आदेशांना दिवाणी दाव्यात आव्हान देता येत नाही. हवा-उजेडाच्या हक्कासाठी २० वर्षांचा वापर सिद्ध करावा लागतो, आणि दिवाणी कोर्टातल्या तारखांचं तर बोलायलाच नको. महापालिकेने तपासणी टाळलीच, तर रिटचा, म्हणजे थेट उच्च न्यायालयातल्या याचिकेचा, विचार करता येईल. त्यासाठी आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोर बसतं. मात्र तिथेही पहिला प्रश्न 'इतके दिवस काय केलंत?' हाच असेल.

अर्जाबरोबरच पाळकसाहेबांना आणि पंचांना भेटा. उपासना दोन वेळांत घेणं, रविवारी गाड्या दुसऱ्या मैदानावर लावणं, तुमच्या बाजूच्या खिडक्यांना धूसर काच, हे कोर्टाबाहेर पंधरा दिवसांत मिळू शकतं. तोंडी नको, लेखी घ्या. दावा दाखल करण्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत प्रकरण लोकअदालतीत नेता येतं, आणि तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं.

आणि हो, भिंत जवळ आलेली 'आम्ही बंद करून घेतलेल्या गॅलरीतून' दिसते, असं तुम्ही सहज लिहून गेलात. तपासणीचा अर्ज देण्याआधी ती गॅलरी तुमच्या मंजूर नकाशात कशी दाखवलीय ते बघा. टेप घेऊन आलेला माणूस कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मोजतो.