आजी कुठे गेली असेल?

"ताई, माझी आजी, आईची आई, गेल्या आठवड्यात गेली. पंचवटीत राहायची, रामाची भक्त. आईने लग्नात बाप्तिस्मा घेतला तेव्हा माहेर तुटलं. आजी तेवढी येत राहिली. फेब्रुवारीत माझ्याबरोबर बाळ येशूच्या यात्रेला यायची, पदर सावरत मेणबत्ती लावायची. मी कॅथलिक आहे, पण बुधवारी मैत्रिणीबरोबर एका प्रार्थनासभेला जाते. तिथले भाऊ म्हणाले, 'तिने प्रभूला स्वीकारलं नाही. तिचं तारण नाही, आता प्रार्थना करून उपयोग नाही.' झोप उडाली आहे. दहाव्याला रामकुंडावर जाऊ का?"
— एक नात, नाशिकरोड

बाळ,

पोटच्या माणसाबद्दल असं ऐकल्यावर घास उतरत नाही. पण त्या भाऊंनी हे मनचं सांगितलं नाही. 'माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही' हे योहान 14:6 मधलं येशूचंच वचन आहे, नि मीही ते मानते. मात्र तारण, म्हणजे जिवाची मुक्ती, कोणाकडून येतं, एवढंच ते सांगतं. तो कोणाकोणापर्यंत पोहोचला, याची यादी आपल्या हाती देत नाही. एका परक्या रोमी शताधिपतीबद्दल, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्याबद्दल, एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही, असं म्हणणाराही हाच येशू. कर्नेल्य नावाच्या अशाच एका परक्याच्या घरात पाऊल टाकल्यावर, देव पक्षपाती नाही हे येशूचा शिष्य पेत्र याला उमगलं, तेव्हा कर्नेल्याचा बाप्तिस्मा व्हायचा होता.

चर्चबाहेर तारण नाही, ही आपल्या कॅथलिक चर्चची शिकवण शतकानुशतकं होती. 1442 साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने ती फार कठोर शब्दांत मांडली. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने मात्र स्पष्ट म्हटलं: स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला जागून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मिळतंच, असं म्हटलेलं नाही. मीही खोटा धीर देणार नाही.

तुझ्या मनात येईल, आजीला तर येशू ठाऊक होता. ठाऊक होता म्हणजे काय? लेकीला माहेरापासून तोडणारा देव, अशीच तिची त्याच्याशी पहिली ओळख झाली असेल. तरी ती त्याच्यापुढे मेणबत्ती लावायला आली. तिच्या आत काय चाललं होतं, हे ना भाऊंना माहीत, ना मला. आपल्या नाशिककडच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. नवऱ्याने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी पाच वर्षांनी. मधल्या वर्षांत देवाने त्यांचा हात सोडला होता, असं कोण म्हणेल?

प्रार्थनेचा उपयोग नाही, हे तर मला अजिबात पटत नाही. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, 901व्या कलमानुसार फादर कुणाही जिवंत किंवा मृत माणसासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करू शकतात. बाप्तिस्म्याची अट नाही. उद्याच पॅरिश ऑफिसात जा, आजीच्या नावाने मिस्सा माग. फादरांशी मोकळेपणी बोल, रडू आलं तर रड. बुधवारची सभा महिनाभर राहू दे. भाऊंशी वाद घालू नकोस. आत्ता तुझ्यात ते बळ नाही.

आणि दहाव्याला नक्की जा. एकदा माहेर तुटलेल्या तुझ्या आईला त्या दिवशी रामकुंडावर एकटं उभं राहावं लागू नये. तिचा हात धर. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे गप्प उभे असतील, तेव्हा मनातल्या मनात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हण, आजीचं नाव घेऊन.

— तुझी ताई