हातातल्या रोटरी टूलला ड्रिल स्टँड घ्यावं, की सरळ छोटी ड्रिल मशीनच घ्यावी?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की ड्रेमेलच्या धर्तीचं रोटरी टूल (हातात धरायचं, भरभर फिरणारं छोटं मोटरचं यंत्र) हाताशी आहे, घरी केलेल्या पीसीबीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डाला, भोकं पाडताना बारीक बिटं पटापट तुटतात, अधूनमधून पितळी नेमप्लेटला आणि लोखंडी पट्टीलाही भोकं लागतात. तर ऑनलाइन दीड-दोन हजारात दिसणारं स्टँड घ्यावं, की तेच पैसे बाजूला टाकून बेंच ड्रिल, म्हणजे टेबलावर बसवायची उभी ड्रिल मशीन, घ्यावी?

पीसीबी आणि पितळ यासाठी स्टँड घ्या. लोखंडाचं नाव मात्र त्याच्यापाशी काढू नका. आणि स्टँड घेताना रंग, ब्रँड, सोबत फुकट मिळणारी शंभर बिटं हे काही बघू नका, फक्त त्याच्यात किती खेळ, म्हणजे सैलपणा, आहे ते बघा. बाकी सगळं नंतर जमवता येतं.

माझं भुसावळला पंपाच्या स्टार्टरचं काम आहे. रावेर-यावलकडचे केळीवाले ऑटो (लाईट आली की पंप आपोआप चालू करणारा स्विच) आणि प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारा) दुरुस्तीला आणतात. शेतीची लाईट रात्रीची असली आणि ऑटो बंद पडला, तर त्या माणसाला अंधारात विहिरीवर जावं लागतं, त्यामुळे काम थांबवून चालत नाही. कधी कधी जुना बोर्ड जळून कोळसा झालेला असतो, तेव्हा नवा छोटा बोर्ड इथेच करतो. त्यामुळे रोटरी टूल आणि स्टँड रोजच्या वापरातलं आहे.

आधी तुमची बिटं का तुटतात ते. तुम्ही बहुधा कार्बाइडची बिटं वापरताय, ज्यांचा मागचा दांडा जाड असतो आणि त्यावर रंगीत प्लास्टिकची रिंग असते. कार्बाइड झिजायला चिवट, पण वाकणं त्याला अजिबात सहन होत नाही. हाताने भोक पाडताना खाली जाताना माणूस सांभाळतो. बिट तुटतं ते वर काढताना, कारण भोक पडलं की लक्ष सुटतं आणि मनगट जरासं कलतं. ०.८ मिलिमीटरच्या बिटाला तेवढं पुरतं. एचएसएसचं (हायस्पीड स्टीलचं) बिट त्या जागी वाकून निभावून नेईल, पण बोर्ड ग्लास इपॉक्सीचा असेल तर काचेचे धागे त्याची धार लवकर खातात. तपकिरी पेपर फेनॉलिकच्या बोर्डाला एचएसएस चालतं, हिरवट पांढऱ्या ग्लासच्या बोर्डाला कार्बाइडच हवं. आणि कार्बाइड हवं म्हटलं की सरळ वर-खाली जाणारी काहीतरी यंत्रणा हवी. स्टँडचं खरं काम एवढंच.

आता गंमत अशी की खेळ असलेलं स्टँड हातापेक्षा वाईट. हातात टूल असताना बिट निदान भोकाच्या कलाने तरी जातं. सैल स्टँडमध्ये हँडल दाबलं की टूल आधी पुढे झुकतं, बिट टेकल्यावर मागे सरतं, आणि मग खाली जातं. बिट तिथेच मोडतं. म्हणून दुकानात घेत असाल तर टूल सोबत न्या, स्टँडवर चढवा, प्लग न लावता टूलचं नाक दोन बोटांत धरून डावी-उजवी, पुढे-मागे हलवून बघा. खांब हलतोय, सरकणारा भाग हलतोय, की टूलची पकड हलतेय, हे बोटाला लगेच कळतं. खांब आणि पकड हलत असेल तर घरी आवळता येते. सरकणारा भागच प्लास्टिकचा आणि ढिला असेल तर ते स्टँड तिथेच ठेवा. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेणाऱ्याकडूनच मागवा.

बसतंय का, हेही तपासावं लागतं. ड्रेमेल ही अमेरिकेतल्या रसीन गावची १९३२ सालची कंपनी, १९९३ पासून बॉशकडे आहे. तिच्या टूलला पुढची टोपी काढली की पाऊण इंचाचे, इंचाला बारा असे आटे दिसतात, आणि तिची स्टँडं त्या आट्यांवर टूल कसतात. चिनी टूल दिसायला तशीच असतात, पण आटे काहींचे जुळतात, काहींचे मिलिमीटरमधले असतात. दोन फेरे बसून तिसऱ्याला अडकलं तर जोर लावू नका, टूलच्या नाकाचे आटे प्लास्टिकचे असतात, ते गेले की टूल गेलं. नुसत्या गोल पट्ट्याने टूल आवळणारी स्टँडंही मिळतात. तिथे बघायचं ते एवढंच की पट्ट्याने हवेची भोकं झाकली जात नाहीत ना. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात टूलची हवा कोंडली तर हात लावता येत नाही इतकं तापतं. टूल सैल बसतंय म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा मध्ये घालणारे पुष्कळ आहेत. नका घालू. रबर दबतं, आणि आपण घालवायला निघालो तोच खेळ परत येतो. थंड पेयाच्या ॲल्युमिनियम कॅनची पट्टी कापून शिम, म्हणजे फट भरणारी पातळ चकती, म्हणून घाला, ती साधारण एक दशांश मिलिमीटरची असते, एक-दोन घड्यांत काम होतं. सरकत्या भागातला थोडा खेळही त्याच पट्टीने आणि किंचित ग्रीसने जातो.

स्टँड जड फळीवर किंवा कडप्प्याच्या तुकड्यावर बोल्टने पक्कं करा. नुसतं टेबलावर ठेवलं तर हँडल ओढताना ते मागून उचललं जातं.

मग काटकोन. हे कोणी करत नाही आणि मग भोकं तिरपी आली म्हणून स्टँडला शिव्या देतात. सायकलचा एक जुना आरा घ्या, एका टोकाला जरा खाली वाकवा, मधून काटकोनात वाकवून दुसरं टोक चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, धरा. आऱ्याचं टोक तळाच्या पाटापासून कागदाच्या जाडीएवढं वर येईल असं टूल खाली आणून ठेवा. प्लग काढलेला असू द्या. आता हाताने चक फिरवा. समोर कागद सरकतो आणि मागे अडकतो, असं झालं तर टूल पुढे-मागे कललेलं आहे. डावी-उजवीकडेही तसंच बघा. जिथे गरज असेल तिथे पकडीखाली शिम घाला, चारी बाजूंना कागद सारखाच घासत सरकला की झालं. पहिल्यांदा वेळ जातो, पण नंतर पकड सोडेपर्यंत परत बघावं लागत नाही.

चकबद्दल एक सांगतो. सोबत येणारा तीन जबड्यांचा छोटा चक सोयीचा आहे, कोणतंही बारीक बिट धरतो, पण स्वस्त चकमध्ये बिट बहुतेक वेळा डुलतं. पीसीबीच्या कार्बाइड बिटाचा दांडा ३.१७५ मिलिमीटरचा, म्हणजे एक अष्टमांश इंचाचा असतो आणि टूलसोबतचं ३.२ मिलिमीटरचं कॉलेट (दांडा चहूबाजूंनी आवळणारी चिरा पाडलेली नळी) त्याच्यासाठीच असल्यासारखं बसतं. बोर्डाच्या कामाला कॉलेट, आऱ्याच्या किंवा किरकोळ कामाला चक. एवढा बदल केला तरी तुमची निम्मी बिटं तुटायची थांबतील.

भोक पाडताना बोर्डाखाली एमडीएफचा सपाट तुकडा ठेवा. बोर्ड क्लँपने आवळू नका, बोटांनीच धरा. नको असलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमधून बोर्ड काढला की पॅडच्या (पाय डाग देण्याच्या तांब्याच्या ठिपक्याच्या) मधोमध तांबं गेलेला जो बारीक खड्डा असतो, त्यात बिटाचं टोक आपोआप बसतं आणि मोकळा बोर्ड केसभर सरकून स्वतः जुळतो. क्लँप केला की तो सरकायचा थांबतो आणि वाकायचं काम बिटावर येतं. वेग भरपूर ठेवा, या टूलचा कमाल वेग तीस-पस्तीस हजार फेऱ्यांचा असतो आणि कार्बाइडला तो मानवतो. हँडल हलक्या हाताने पण न रेंगाळता खाली, लगेच वर. बिट भोकात नुसतं फिरत ठेवलं की तापतं. आयसीच्या पायांना ०.८, डायोड आणि कनेक्टरला १ किंवा १.२ पुरतं. ग्लासच्या बोर्डाची भुकटी म्हणजे काचेची भुकटी आहे, मास्क आणि चष्मा लावा, आणि नंतर फुंकर न मारता ओल्या फडक्याने पुसा. पंखा बंद. उन्हाळ्यात हे सांगणं क्रूर आहे, तरी बंद.

पितळ कापायला मऊ आहे, पण त्याची एक खोड आहे. भोक आरपार जाताना पितळ बिटाला आत ओढतं, प्लेट गर्रकन फिरते आणि बोटं कापते. म्हणून तिथे उलट, प्लेट क्लँपनेच धरायची, खाली लाकूड द्यायचं. नव्या धारदार बिटाची कटिंगची कड बारीक दगडावर एकदोनदा सपाट घासून घ्या, म्हणजे ती पितळात घुसण्याऐवजी खरवडत जाते. लेथवाले टर्नर पितळासाठी हेच करतात. सेंटर पंच मारल्याशिवाय बिट टेकवू नका, आणि कोपऱ्यांची चारही भोकं सारख्या अंतरावर हवी असतील तर पाटावर दोन पट्ट्या काटकोनात ठोकून प्लेट त्यांना टेकवा, प्रत्येक कोपऱ्याला मोजायची गरज उरत नाही. सोनाराकडे जाऊन काम करून घ्यायचाही एक मार्ग आहे. जळगावच्या सराफात कारागिरांकडे वर टांगलेली मोटर, लवचिक शाफ्ट आणि पायाखाली पेडल असतं. त्यांचा हात स्टँडपेक्षा स्थिर असतो. पण ते तुमच्या नेमप्लेटसाठी हातातलं काम सोडतील का, ते तुमच्या ओळखीवर आहे.

आता लोखंड. एचएसएसच्या बिटाने साध्या लोखंडाला मिनिटाला साधारण २५ मीटर इतका कापण्याचा वेग धरतात. त्या हिशेबाने ३ मिलिमीटरच्या बिटाला सुमारे २,६५० फेरे हवेत आणि ६ मिलिमीटरच्या बिटाला १,३२५ च्या आसपास. तुमच्या टूलचा सगळ्यात कमी वेग ५,००० किंवा १०,००० असेल. म्हणजे बिट दुप्पट-चौपट वेगाने घासणार, टोक निळं पडणार आणि संपणार. बरं, वेग खाली आणला की या टूलची ताकदही खाली येते. सव्वाशे-पावणेदोनशे वॉटची मोटर, ती फिरण्यासाठी बनलेली आहे, रेटण्यासाठी नाही. पातळ पत्र्याला १ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या, त्याला ८,००० फेरे चालतात. पट्टीला, अँगलला, स्टार्टरच्या डब्याला मोठं भोक हवं असेल तर १३ मिलिमीटर चकची बेंच ड्रिलच लागते, जिचा वेग पाचसहाशेपर्यंत खाली येतो. एमआयडीसीत बंद पडलेल्या कारखान्यांचं सामान विकणारे असतात, त्यांच्याकडे जुनी ओतीव लोखंडाची मशीन बघा. स्पिंडल हाताने हलवून बघायचा तोच नियम तिथेही. नवी पत्र्याची चकाचक मशीन घेण्यापेक्षा मला ती बरी वाटते.

दोन्ही घ्यायची ऐपत नसेल तर महिन्यात काय जास्त पाडता ते बघा. बोर्ड जास्त असतील तर स्टँड, आणि लोखंड शेजारच्या वेल्डरकडून पाडून आणा. लोखंड जास्त असेल तर मशीन घ्या, पण मग १ मिलिमीटरच्या खालच्या भोकांची आशा सोडा. जुन्या मोठ्या चकमध्ये ०.८ चं बिट बहुधा धरलंच जात नाही, आणि धरलं तरी तो वेग त्याला पुरत नाही.

आणखी एक, कारण स्टँड आलं की हा मोह सगळ्यांनाच होतो. बिटाऐवजी कटर लावून डब्याला लांबट खाचा पाडायला जाऊ नका. हे स्टँड वर-खाली जोर घेण्यापुरतं आहे, आडवा जोर आला की खांब वाकतो आणि जमवलेला काटकोन जातो. खाचेसाठी ओळीने भोकं पाडा आणि मधलं कानशीने काढा.

तुमच्या टूलचं मॉडेल आणि पुढची टोपी काढून आट्यांचा जवळून घेतलेला फोटो इथे खाली टाका. स्केल शेजारी ठेवून काढलात तर कोणतं स्टँड बसेल ते नीट सांगता येईल.