तांबट आळीत तांबं यायचं कुठून?

प्रश्न: कसबा पेठेत तांबट आळीची ठोकठोक ऐकत मोठा झालो, पण जुन्या काळी एवढं तांबं यायचं कुठून हो? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनी जहाजं भरून विलायती तांबं हिंदुस्थानात विकायची. ते गाळलं जायचं मुख्यतः वेल्समधल्या स्वान्झीला, आणि गंमत बघा, तिथे होता तो कोळसा, तांब्याचा दगड, म्हणजे खाणीतलं कच्चं खनिज, यायचा इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलहून! एक टन दगड गाळायला कित्येक टन कोळसा लागायचा म्हणून दगडच कोळशाकडे नेणं परवडायचं, पुढे तर पार चिलीचा माल दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून तिथे जायला लागला. धूर इतका भयानक की शेतकऱ्यांनी कारखानदारांना कोर्टात खेचलं, हरले बिचारे. १८८० नंतर मात्र विजेच्या तारांमुळे मागणी वाढली नि अमेरिकेतल्या मोंटानाच्या खाणी पुढे गेल्या.