सुई आणि पहिला घास

प्रिय बाळा,

परवा तुझ्या आईचा फोन आला. इन्सुलिनचा डोस कागदावर लिहिल्याप्रमाणेच देतोय, तरी जेवणानंतर साखर कधी ३०० वर जाते, कधी ७० च्या खाली येते, म्हणाली. मी विचारलं, सुई आणि पहिला घास यांच्यात किती वेळ जातो? तिला सांगता आलं नाही. तुलाही बहुतेक येणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी बाटलीवरचं किंवा पेनवरचं नाव वाच. मी वर्षानुवर्षं रेग्युलर, म्हणजे जुन्या प्रकारचं इन्सुलिन घेतलं. ते टोचल्यावर सुमारे अर्ध्या तासाने कामाला लागतं आणि त्याचा खरा जोर दोन ते चार तासांनी येतो. म्हणून ते जेवणाआधी ३० मिनिटं घ्यायचं. लिस्प्रो, अस्पार्ट ही नवी इन्सुलिनं १०-१५ मिनिटांत सुरू होतात, ती साधारण तेवढाच वेळ आधी. दोघांची वेळ एकच समजलास तर डोस बरोबर असूनही साखर चुकेल. तुझं कुठलं आणि किती मिनिटं आधी, हे डॉक्टरांकडून लिहूनच घे.

माझी चूक सांगतो. गणपतीत दुपारी नैवेद्याची ताटं भरायला घेतली तशी मी सुई घेतली. अर्ध्या तासात आरती उरकेल हा माझा हिशेब. तेवढ्यात वाडीतली मंडळी आली, एकामागून एक आरत्या सुरू झाल्या. देवासमोरून उठायचं कसं म्हणून मी टाळ वाजवत राहिलो. तासाभराने टाळांचा ताल चुकायला लागला, सदरा पाठीला चिकटला, समोरची समई दोन-दोन दिसायला लागली. वहिनीच्या लक्षात आलं. तिने मला ओढतच पडवीत नेलं, बोट टोचलं. ५२. साखरेचं पाणी पाजलं तेव्हा पेला मला धरवत नव्हता. त्या दिवशी देवाच्या आधी मी खाल्लं, आणि घरातलं कुणी एका शब्दाने बोललं नाही. तूही लाजू नकोस. ७० च्या खाली दिसलं की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं. सुई मग.

तेव्हापासून आमच्या घरी भात चुलीवरून उतरल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही. लग्नात तर पंगत बसल्याशिवाय नाहीच. किती खाल्लं जाईल याचा अंदाज नसेल तेव्हा नवं इन्सुलिन जेवायला बसताना किंवा जेवण झाल्याबरोबर घेतलं तर चालेल का, हे तुझ्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेव.

आपल्या खाण्याचंही बघ. सकाळची पातळ पेज पोटातून झरझर उतरते, साखर लगेच वर. तिच्यासाठी उशिरा घेतलेली सुई कामाची नाही. रविवारचे वडे-मटण उलटं: तेल आणि खोबऱ्यामुळे पचन रेंगाळतं, दोन तासांनी आकडा बरा दिसतो आणि चौथ्या तासाला चढतो. तो बघून घाईने दुसरी सुई टोचू नकोस. नव्या इन्सुलिनचा असर तीन ते पाच तास राहतो, रेग्युलरचा त्याहून जास्त. पहिलं अंगात असताना दुसरं घातलंस तर रात्री झोपेत साखर खाली येईल, आणि झोपेत कळत नाही याचीच मला भीती वाटते.

बाटलीतलं वापरत असशील तर एक बघच: ४० च्या बाटलीला (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन) ४० चीच सिरिंज, लाल टोपणाची.

आता एक वही कर. सुईची वेळ, पहिल्या घासाची वेळ, ताटात काय होतं, दोन तासांनंतरची साखर. आठवडाभर लिही, युनिट मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नकोस. पुढच्या बुधवारी मी बाजाराला कुडाळला येतोय. वही घेऊन स्टँडवर ये, दोघं बसून वाचू आणि तशीच डॉक्टरांकडे जाऊ.

तुझा,
काका